स्वर्गाची आशा आणि रोजचा संसार : टिळक दांपत्याच्या लेखनाचा एक विचार

विद्यार्थी मित्रहो, या पाठाचे शीर्षक वाचून काहींना वाटेल की अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या शिक्षकाने स्वर्गावर काय बोलावे. मला स्वर्गावर बोलायचे नाही. तो माझा प्रांत नाही, आणि मी ख्रिस्तीही नाही. मला बोलायचे आहे ते काही मराठी पुस्तकांबद्दल, आणि ही पुस्तके जो प्रश्न आपल्यासमोर ठेवतात त्याबद्दल.

प्रश्न असा. श्रद्धावान ख्रिस्ती माणूस मरणापलीकडच्या एका घराची आशा धरून जगतो. पण त्याचेही दूध नासते, त्याचाही पगार महिन्याच्या पंधरा तारखेला संपतो, त्याच्याही घरात कोणीतरी आजारी असते आणि कोणीतरी रुसलेले असते. मग त्या आशेचा या कटकटींशी संबंध काय? ती पळवाट आहे, गुंगी आहे, की काम करण्याचे बळ आहे? मराठीत या प्रश्नाचा शोध घ्यायचा तर नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) या पतिपत्नींच्या लेखनाइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

हे टिपण मी भिलाईत, सिविक सेंटरच्या परिसरात बसून लिहीत आहे, आणि विषय वाटतो तितका इथून लांबचा नाही. सिविक सेंटरपासून राजनांदगाव ४० किलोमीटरच्या आसपास. १८९३ साली टिळक नागपूरहून याच राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले, काव्यावरून ते धर्मावर गेले, आणि त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले, असे सांगतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मराठी साहित्याच्या इतिहासातली एवढी मोठी घटना आपल्या रुळांवर सुरू झाली, हे इथल्या मराठी मुलांना सहसा कोणी सांगत नाही.

आता शब्दांकडे वळू, कारण अडचण तिथूनच सुरू होते. बायबलच्या मराठी भाषांतरांत ‘स्वर्ग’ हा शब्द रूढ झाला. पण मराठी कानाला हा शब्द कोरा नव्हता. गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे की पुण्यवान स्वर्गात जातात, भोग घेतात आणि पुण्य संपले की पुन्हा मर्त्यलोकात येतात. म्हणजे आपल्या परंपरेतला स्वर्ग हा फार तर लांब मुक्कामाचा डाक बंगला आहे. बिल संपले की खोली रिकामी करायची. ख्रिस्ती माणूस ज्याची वाट पाहतो ते कायमचे घर आहे, आणि पुण्य मोजून मिळवायचेही नाही. एकाच शब्दात या दोन उलट गोष्टी कोंबल्या गेल्या. फादर थॉमस स्टीफन्स यांनी याआधी, १६१६ साली गोव्यात छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त, ‘वैकुंठ’ हाही शब्द वापरला होता. मला तो निर्णय जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण वैकुंठाला निदान एका प्रेमळ धन्याची ओळख आहे.

तिसरा रस्ता वारकऱ्यांचा. त्यांच्याकडे स्वर्गाची मातब्बरी नाही. तुकोबांना मुक्तीसुद्धा नको, भक्तीसाठी पुन्हा जन्म घ्यायची त्यांची तयारी आहे. वारकऱ्याचा ओढीचा शब्द आहे ‘माहेर’, आणि ते माहेर पंढरपूर. सासुरवाशीण जशी कामाच्या रगाड्यात माहेरच्या वाटेकडे डोळा लावते, तशी ही ओढ. टिळक ख्रिस्ती झाले तरी तुकोबांना सोडून गेले नाहीत. तुकोबांच्या आधारानेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होऊन येतो. एकदा माउली म्हटले की स्वर्ग आपोआप बक्षिसाचे ठिकाण राहत नाही, तो आईचे घर होतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचा निरोप घेताना बापाच्या घरातल्या जागेबद्दल बोलतो. टिळकांच्या मराठीत त्या घराला माजघर मिळाले, असे मी म्हणेन. ही त्यांची खरी वाङ्मयीन कामगिरी आहे.

पण ‘अभंगांजली’ सलग वाचताना माझी एक तक्रार राहते. काही ठिकाणी समाधान फार लवकर येते. दुःख दोन चरणांत मांडले जाते आणि चौथ्या चरणात निवते. अभंगाच्या साच्याचा तो धोकाच आहे. शेवटच्या चरणात नाममुद्रा घालायची म्हणजे तिथवर काहीतरी ठरलेले असावे लागते. तुकोबांचे समाधान महाग असते, त्याआधी त्यांनी देवाशी भांडण केलेले असते. टिळकांचे भांडण बरेचदा कवितेबाहेर झालेले असते आणि आपल्या हाती फक्त तहनामा येतो. फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून आपण ज्या टिळकांना शाळेत वाचले, त्यांच्या त्या कवितांत हे होत नाही. ‘केवढे हे क्रौर्य!’मधल्या पक्षिणीच्या मरणाला कुठलाही स्वर्ग पुढे करून झाकलेले नाही.

मग जे भांडण अभंगांत दिसत नाही ते कुठे आहे? ते आहे ‘स्मृतिचित्रे’त.

लक्ष्मीबाईंचे हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने बोलीत लिहिलेले हे गद्य मराठीतल्या सर्वोत्तम गद्यांपैकी आहे, यावर दुमत नाही. समीक्षक त्याच्या विनोदाचे, निर्मळपणाचे कौतुक करतात, पाठ्यपुस्तके त्यातले गमतीचे उतारे घेतात. त्यामुळे एक गैरसमज पसरला आहे की हे एका भोळ्या, हसऱ्या बाईचे पुस्तक आहे आणि धर्माचा भाग त्यात योगायोगाने आला. मला हे वाचन अपुरे वाटते.

पुस्तकात काय काय आहे ते आठवा. माहेरी वडिलांचे सोवळे इतके की मीठ-साखरही धुवून घ्यायची. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न. सासरे कडक. नवरा कवी, बुद्धिमान, शीघ्रकोपी, आणि हाती आलेला पैसा घरी पोचेपर्यंत वाटून टाकणारा. तो न सांगता निघून जातो, कधी येईल याचा नेम नाही. मग एके दिवशी बातमी येते की तो ख्रिस्ती झाला. लहानग्या दत्तूला घेऊन ही बाई नातेवाइकांच्या आधाराने नाशिक, पंढरपूर असे दिवस काढते. काही वर्षांनी नवऱ्याकडे येते तीही आपले सोवळे सांभाळूनच. आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेते.

ही शेवटची पायरी नीट पाहण्यासारखी आहे. लक्ष्मीबाईंना कोणी स्वर्ग दाखवून वळवले नाही. त्यांच्या मनात प्रश्न उठला तो जातीचा : जाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तर मिळाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती कोणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. म्हणजे त्यांच्या श्रद्धेचे दार आभाळाकडे नव्हे, पाण्याच्या घागरीकडे उघडले. (त्यांच्या कवितासंग्रहाचे नाव ‘भरली घागर’ आहे. हा योगायोग असेल, पण मला तो आवडतो.)

इथे भिलाईतली एक गोष्ट सांगतो, म्हणजे माझा मुद्दा सोपा होईल. पोलाद कारखान्यासाठी १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ साली पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि एकामागून एक सेक्टर वसत गेले. इथला क्वार्टर कंपनीचा. निवृत्त झाले की बहुतेकांना तो सोडावा लागतो. त्यामुळे सिविक सेंटरच्या बाजारात भाजीची पिशवी घेऊन फिरणाऱ्या कितीतरी माणसांचे मन केरळात, आंध्रात, विदर्भात बांधायच्या घरात गुंतलेले असते. अशा वस्तीत दोन स्वभाव दिसतात. एक म्हणतो, हे आपले थोडेच आहे, नळ गळतो तर गळू दे. दुसरा अंगणात आंब्याची कोय पुरतो, जिचे फळ खाईपर्यंत तो इथे राहीलच असे नाही. दोघांनाही ठाऊक आहे की हे घर कायमचे नाही. ख्रिस्ती शिकवणीत माणूस या पृथ्वीवर परका आणि प्रवासी आहे, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते. माझा समीक्षेचा प्रश्न एवढाच : अशी आशा धरणारा माणूस नळ दुरुस्त करतो की नाही?

आणि टिळकांच्या घरात हा नळ कोण दुरुस्त करत होते, हे विचारायला आपण कचरू नये. अनाथ मुले घरात आणण्याचे ठरवायचे टिळकांनी, त्यांना जेवू घालायचे लक्ष्मीबाईंनी. बालकवी ठोंबरे अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. त्यांचे खाणेपिणे, रुसवेफुगवे सांभाळले ते लक्ष्मीबाईंनी. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी झाले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. कल्पना भव्य आहे, आजही विचार करायला लावणारी आहे. पण पगार सुटल्यावर घरखर्चाचा प्रश्न संन्याशाकडे जात नाही, तो स्वयंपाकघरात जातो. धर्म ही अफू आहे, हे वाक्य आपल्या सर्वांना पाठ असते. पण ज्याने ती घेतली त्याच्यावर तिचा काय परिणाम होतो एवढेच आपण पाहतो. एकाच्या आशेचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर कसे जाते, हे पाहत नाही. स्वर्गाच्या आशेविरुद्ध माझ्या मते हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि त्याचा पुरावा एका श्रद्धावान ख्रिस्ती बाईनेच लिहून ठेवला आहे.

मात्र तिने तो फिर्याद म्हणून लिहिलेला नाही. मला या पुस्तकात सर्वांत जास्त विचार करण्यासारखे हेच वाटते. लक्ष्मीबाई काहीही विसरत नाहीत. कोण काय बोलले, किती पैसे होते, किती उरले, सगळे आहे. नवऱ्याचा राग, स्वतःचा हट्ट, दोन्ही लपवलेले नाहीत. हिशेब पूर्ण आहे, वसुलीची नोटीस मात्र कुठे नाही. हा सोशिकपणा नव्हे. सोशिक माणूस गप्प बसतो, आणि ही बाई शेकडो पाने बोलते. हा निव्वळ विनोदी स्वभावही नव्हे, कारण विनोदी माणसे कडवट होऊ शकतात. शेवटचा निवाडा आपल्या हाती नाही, तो चांगल्या हातांत आहे, असा भरवसा असलेला माणूसच असे लिहू शकतो, असे माझे मत आहे. स्वर्गाचे वर्णन नसले तरी स्वर्गाची आशा या वाक्यरचनेत मुरलेली आहे. आमच्या विषयात तुळईचा वाक कसा असेल हे तिची दोन्ही टोके कशावर टेकली आहेत यावर ठरते. मधला भाग पाहून टोकाचा अंदाज करता येतो. उपमा इथेच थांबवतो, ताणली तर मोडेल.

या मुद्द्याला जोडून एक नाव घेतलेच पाहिजे, पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात हिंडल्या आणि उपासमारीतून मुली-विधवांना घेऊन गेल्या. केडगावला त्यांनी वसवलेल्या संस्थेचे नाव त्यांनी ठेवले ‘मुक्ती’. आपल्या परंपरेतला सर्वांत पारलौकिक शब्द त्यांनी विहिरी, शेत, छापखाना आणि जेवणाच्या पंगती असलेल्या जागेला दिला. पुढे मूळ भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, ते आयुष्याच्या शेवटापर्यंत पुरले. प्रकटीकरणाच्या शेवटी माणसे वर जात नाहीत, नवे नगर खाली उतरते. रमाबाईंनी ते चित्र अक्षरशः घेतले असावे. टिळकांच्या ‘दरबारा’शी त्यांच्या ‘मुक्ती’ची तुलना करण्याजोगी आहे, मला रमाबाईंचे पारडे जड वाटते, कारण तिथे घर चालवणारी आणि आशा धरणारी व्यक्ती एकच होती.

टिळकांवर हा निर्णय कडक झाला असे कोणी म्हणेल. त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. लक्ष्मीबाईंना लिहायला-वाचायला शिकवले ते त्यांनीच, म्हणजे आपल्याविरुद्धची साक्ष लिहिणारी लेखणी त्यांनीच हाती दिली. आणि त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी हाती घेऊन पुढे नेले. ज्या आशेचा खर्च आपण भरला ती खोटी आहे असे त्यांना वाटले असते, तर त्या म्हातारपणी ओव्या रचत बसल्या नसत्या.

पुढच्या तासाला येण्यापूर्वी ‘स्मृतिचित्रे’चा टिळकांच्या बाप्तिस्म्याची बातमी येते तिथपासून लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्यापर्यंतचा भाग वाचा. जिथे हसू आले तिथे समासात पेन्सिलीने एक खूण करा, जिथे राग आला तिथे दुसरी. दोन्ही खुणा एकाच ओळीवर पडल्या, अशा जागा वेगळ्या उतरवून आणा. आपण त्या जागांपासून सुरुवात करू.