झाडीपट्टीचा बदलता स्वर

दिवाळी सरते, धानाची कापणी होते आणि पूर्व विदर्भात नाटकांचा हंगाम उभा राहतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. भाऊबीजेनंतरच्या मंडईपासून होळीच्या आसपासपर्यंत इथे गावोगावी नाटके होतात. दिवसा मंडई किंवा शंकरपट, घरोघरी पाहुणे आणि रात्री नाटक असा क्रम असतो. गावातील मंडळ वडशाला, म्हणजे देसाईगंजला, जाऊन एखाद्या कंपनीची तारीख ठरवते, तिकिटे विकते आणि रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो.

या रंगभूमीविषयी आता बरेच लिहिले जाते. तिची उलाढाल, तिचे नट, तिच्या नाटकांची भडक नावे यांची चर्चा होते. ती ऐकू कशी येते, हे मात्र क्वचितच कोणी तपासते. झाडीपट्टीचा प्रेक्षक नाटक ‘पाहायला’ जातो हे खरे. पण गर्दीत मागे बसलेल्या माणसापर्यंत नटाचा चेहरा धड पोचत नाही, त्याचा आवाज पोचतो. म्हणून या रंगभूमीची वाटचाल तिच्या आवाजावरून मांडून पाहावी, असे मला वाटले.

तसे करताना एक तयार उत्तर आडवे येते. दंडार हे शुद्ध मूळ, पुढची नाटके ही त्याची भेसळ आणि आजचा ‘हंगामा’ हा अधःपात, अशी ती उतरण आहे. मीही बरीच वर्षे असेच मानत होतो. प्रयोगांना कान देऊन बसू लागल्यावर ही मांडणी मला अपुरी वाटू लागली.

दंडारीपासून सुरुवात करू. गण, गवळण आणि मग सोंगे असा तिचा सर्वसाधारण बांधा. ढोलकी, टाळ, तुणतुणे अशी हाताशी असलेली वाद्ये. गाणारे आणि नाचणारे गावातलेच शेतकरी, आणि स्त्रीपात्रेही पुरुषच करीत. उघड्यावर, ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तर चढ्या स्वरात गाण्यावाचून पर्याय नव्हता. एकाने ओळ म्हणायची आणि इतरांनी ती उचलायची, या पद्धतीमागेही सोय आहे. गाणाऱ्याला दम मिळतो आणि ऐकणाऱ्याला शब्द पुन्हा ऐकू येतो. ज्याला आपण दंडारीचा ‘रांगडा’ सूर म्हणतो, तो अशा गरजांतून घडला आहे. त्याला केवळ स्वभावधर्म समजणे बरोबर नाही.

पुढे नाट्यसंगीत आले. 1880 मध्ये किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आल्यानंतर संगीत नाटकाने सगळ्या मराठी मुलखाच्या कानाला वळण लावले; झाडी त्याला अपवाद नव्हती. नांदी, पदे, पेटी आणि तबला हे सारे इथल्या मांडवात रुळले. शहरांत संगीत नाटक ओसरले तेव्हाही इथे नाटकाला गाणे हवेच, ही अपेक्षा टिकली. शहरी समीक्षक याला मागासलेपण म्हणतात. रात्रभराच्या प्रयोगात गाणे काय काम करते याचा विचार त्यात नसतो. पेंगुळलेल्याला ते जागे करते, नटाला कपडे बदलायला वेळ देते आणि रडवणाऱ्या प्रवेशानंतर मांडवाला सावरते.

स्त्रिया रंगमंचावर आल्या तेव्हा स्वराचा खरा प्रश्न उभा राहिला. ‘पट्टी’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, मुलखाचा पट्टा आणि पेटीवरचा गाण्याचा स्वर. पुरुषाची पट्टी वेगळी, बाईची वेगळी. त्यामुळे नायक-नायिकेच्या द्वंद्वगीतात एकाला कोंडून तरी गावे लागते, नाहीतर ओढून तरी. आदल्या रात्री वेगळ्याच गावी वाजवून आलेल्या पेटीवाल्याला, फारशी तालीम नसताना, कोणत्याही पट्टीत बोटे फिरवता यावी लागत. ते त्याचे मोठे कसब होते.

विजेवरचा कीबोर्ड आला आणि हे कसब एका बटणावर आले. बटण दाबले की ओळखीच्याच पट्ट्यांवर बोटे ठेवून स्वर हवा तेवढा चढवता-उतरवता येतो. अनेक जण या कीबोर्डलाही ‘ऑर्गन’च म्हणतात. बालगंधर्वांच्या काळात त्या नावाचे वाद्य पायांनी भाता मारून वाजवत. वाद्य बदलले तरी नाव टिकले. तबल्याशेजारी ऑक्टोपॅड आला. त्याच्या आठ चौकटींतून ढोलकीचा ठेका निघतो, तशी वीज कडाडते आणि नायकाने खलनायकाच्या थोबाडीत मारलेली चपराकही निघते.

या आवाजाच्या वाढत्या दणक्याला प्रेक्षकाची बिघडलेली रुची जबाबदार आहे, असे सांगितले जाते. मला त्याचे कारण अधिक साधे दिसते. मोठ्या मंडईच्या किंवा शंकरपटाच्या गावात एकाच रात्री दोन-तीन नाटके लागतात. दोन मांडवांमध्ये कधी जेमतेम एखादे शेत असते. शेजारचा कर्णा आपल्या करुण प्रवेशात घुसू लागला की आपला कर्णा वाढवावा लागतो. तिकिटाचे पैसे त्या एका रात्रीतच वसूल व्हायचे असल्याने कोणतेही मंडळ माघार घेत नाही. ही स्पर्धा आहे तोवर हळुवार सुराला जागा मिळणे कठीण.

वाद्ये इतकी बदलली, तर टिकले काय? माझ्या मते दोन गोष्टी टिकल्या. पहिली, बोली. नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलतात. विनोदी पात्र झाडीबोलीत तोंड उघडते. या बोलीत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही. डोळ्याचा ‘डोरा’ होतो आणि काळ्याचा ‘कारा’. ते उच्चार कानावर पडताच मांडवात जी हालचाल होते, ती कोणत्याही वाद्याने होत नाही. पुस्तकी भाषेतले दुःख प्रेक्षक आदराने ऐकतो, पण स्वतःच्या घरचा आवाज त्याला विनोदी नटाच्या तोंडूनच ऐकू येतो. कुरखेडा परिसरातील परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. या रंगभूमीचा एवढा मोठा सन्मान मुख्यतः विनोदी भूमिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नटाकडे आला, हे मला सूचक वाटते. तरीही एक खंत उरते. या बोलीला हसवण्याचा परवाना मिळाला, रडवण्याचा अजून मिळालेला नाही.

दुसरी टिकलेली गोष्ट म्हणजे वादकाचे ऐकणे. वादक रंगमंचाच्या पुढ्यात, नट आणि प्रेक्षक यांच्या मध्ये बसतात. ही जागा मोक्याची आहे. नटाचे वाक्य अडखळले तर एक सूर धरून ते वेळ भरून काढतात. गाणे रंगले तर कडवे पुन्हा घेतात, लहान मुले झोपली असतील तर लय चढवतात. ढोलकीवाला हे करीत असे, पेटीवाला करीत असे आणि कीबोर्ड-ऑक्टोपॅडवालाही करतो. चपराक नेमक्या क्षणी वाजते, कारण वाजवणाऱ्याची नजर नटाच्या हातावर असते. म्हणून ऑक्टोपॅडला दोष देऊन दंडारीसाठी अश्रू ढाळणे मला पटत नाही.

चिंता आहे ती आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या ट्रॅकची. तो स्वस्त पडतो, बेसूर होत नाही आणि चित्रपटातल्या गाण्यासारखा भरगच्च वाजतो. नाचाच्या कार्यक्रमात त्याने जम बसवला आहे. पण त्याची लांबी ठरलेली असते. टाळ्या पडोत की न पडोत, तो ठरल्या वेळी संपतो. नटाने त्याच्यामागे धावायचे आणि प्रेक्षकाने नुसते घ्यायचे, असा व्यवहार होतो. ढोलकी ते ऑक्टोपॅड हा वाद्यांचा बदल होता. ट्रॅक मात्र ऐकणाऱ्या माणसालाच मधून उठवतो. त्या मोक्याच्या जागी उद्या कोणी बसलेच नाही, तर नाटक आणि पडद्यावरचा चित्रपट यांतले अंतर झाडीपट्टीत किती उरेल?

या मांडणीची एक मर्यादाही सांगायला हवी. झाडीपट्टीची ही रंगभूमी मुख्यतः वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या धानाच्या पट्ट्यातली आहे. गडचिरोलीच्या दक्षिणेला, भामरागड-एटापल्लीकडे, माडिया-गोंड समाजाचा रेला आहे. त्यात गाणारा आणि ऐकणारा असे दोन गट पडत नाहीत. सारे एका फेरात असतात. मी पाहिलेल्या नाटकांत हा सूर क्वचित आला आणि आला तेव्हा बहुधा सजावट म्हणून आला. एकाच जिल्ह्यातले हे दोन आवाज एकमेकांना इतके अनोळखी का राहिले, याचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा.

तूर्त एक साधी अपेक्षा आहे. झाडीपट्टीचे दस्तऐवजीकरण करणारे संहिता जमवतात, नटांच्या मुलाखती घेतात. त्यांनी एखाद्या प्रयोगाचा अख्खा रात्रभराचा आवाज, पहिल्या नांदीपासून पहाटेच्या शेवटच्या वाक्यापर्यंत, मधल्या खोकल्यांसह आणि शेजारच्या मांडवातून येणाऱ्या गाण्यासह, मुद्रित करून ठेवावा. जाहिरातीच्या पत्रकावर नटांच्या रांगेत वादकांचीही नावे ठळक यावीत. यंदाच्या हंगामात कोणी वाचक तिकडे गेलाच, तर त्याने नायिकेकडे बघताना मधूनच समोर बसलेल्या कीबोर्डवाल्याकडेही बघावे. तो रंगमंचाकडे बघत वाजवत असेल, तर झाडीपट्टीचा स्वर अजून शाबूत आहे असे खुशाल समजावे.