१६० टक्के यश, पण नेमकं कशात?

देणगीतून चालणाऱ्या शिक्षण-प्रकल्पांवर काम करायचं असेल, तर ‘एज्युकेट गर्ल्स’च्या इम्पॅक्ट बॉण्डचा अभ्यास जरूर करा. राजस्थानातल्या भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ या काळात हा प्रयोग झाला. यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशननं आधी पैसे घातले. निकाल पाहून दुसऱ्या एका दानसंस्थेनं ते परताव्यासह फेडले. शिकण्यातली प्रगती उद्दिष्टाच्या १६० टक्के, पटनोंदणी ११६ टक्के. निकालावर पैसे द्यायचे, ही कल्पना मला पटते. खटकतं ते आकड्यांचं वाचन.

शिकण्यातला फरक मोजायला तुलनेची गावं होती आणि निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी, यादृच्छिक होती. पटनोंदणीला मात्र तुलनागट नव्हता. यादीतल्या ९२ टक्के मुली शाळेत दाखल झाल्या, हे खरं. पण त्यातल्या किती एरवीही आल्या असत्या? हा आकडा ते सांगत नाही. तरी दोन्ही टक्केवाऱ्या शेजारी-शेजारी, एकाच वजनाच्या असल्यासारख्या छापल्या जातात.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. पैसे ठरले ते ‘असर’ चाचणीतल्या एकूण प्रगतीच्या बेरजेवर. अक्षरओळख नसलेली मुलगी एक पायरी चढली काय, किंवा परिच्छेद वाचणारा मुलगा चढला काय, बेरजेत दोघं सारखेच. बेरीज वाढली म्हणजे दरी मिटली असं होत नाही.

विषमतेसाठी पैसा द्यायचा, तर मापही विषमतेचंच हवं. तुमच्या प्रस्तावात तळाच्या मुलांचा रकाना वेगळा ठेवा. आणि तो आकडे हाती येण्याआधीच ठरवा.