मतभेद होते, पण मनभेद नव्हते?

आजचा विषय एक वाक्य आहे. ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे, बहुतेकांनी उच्चारलेलंही असेल. ‘मतभेद होते, पण मनभेद नव्हते.’ शोकसभेत, सत्कारात, जुन्या नेत्यांच्या आठवणींत हे वाक्य हमखास येतं. आम्ही ते स्वतः वापरलेलं आहे, म्हणून त्याची चिकित्सा करण्याचा थोडा अधिकार आम्हाला आहे असं समजतो.

या वाक्याचं सर्वांत आवडतं उदाहरण म्हणजे टिळक आणि आगरकर. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली केसरी, १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात दोघांचे एकशे एक दिवस. पुढे वाटा फुटल्या. आगरकरांनी केसरीचं संपादन सोडलं आणि १८८८ मध्ये सुधारक काढला. टिळक १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. १८९५ च्या जूनमध्ये, वयाची ३९ वर्षं पुरी होण्याआधीच, आगरकर गेले. टिळकांनी केसरीत मृत्युलेख लिहिला. तो लिहिताना त्यांचे डोळे भरून आले, असं सांगतात. इथे श्रोते हळवे होतात आणि वक्ता म्हणतो, बघा, कशी मोठी माणसं होती!

मोठी होतीच. पण मधली वर्षं आपण गाळतो. संमतिवयाच्या कायद्याचा वाद घ्या. १८९१ च्या त्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली. त्याआधी कलकत्त्याला फुलमणी दासी नावाच्या मुलीचा पतीच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू झाला होता. त्या काळात पुण्याची भाषा काय होती? वृत्तपत्रांतून बोचरे, वैयक्तिक हल्ले होत होते, आणि आगरकरांची तर जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली गेली. याला ‘मनभेद नव्हते’ म्हणायचं? मग मनभेद म्हणजे आणखी काय असतं?

आता कोणी म्हणेल, सर, मग तो वाद वायाच गेला का? नाही. इथे आपल्या जुन्या शास्त्राची मदत घेऊ. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, म्हणजे तत्त्वनिर्णयासाठी केलेली चर्चा. जल्प, म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. यात छल वगैरे डावपेच चालतात. आणि वितंडा, म्हणजे स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त समोरच्याची पाडायची. गंमत म्हणजे सूत्रकार जल्प-वितंडेला सरसकट हाकलून देत नाहीत. उगवत्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसा यांचा उपयोग, असं ते म्हणतात. म्हणजे भांडखोरपणालाही जागा आहे, बरं का! पण कुंपण म्हणून. आपलं आज झालंय असं की सगळं वावर काट्यांनी भरलंय आणि रोप कुठे आहे ते कुणाला आठवत नाही.

या कसोटीवर १८९१ कडे पाहा. ‘टिळकांना बालविवाह हवे होते’ हा पूर्वपक्ष नव्हे, तो छल आहे. त्यांचं म्हणणं असं की परक्या सरकारने आपल्या धर्माचारात कायद्याने हात घालू नये. सुधारणा करायची तर मुलीचं लग्न सोळा आणि मुलाचं वीस वर्षांआधी न करण्याचं बंधन सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावं. ‘आगरकर सरकारधार्जिणे होते’ हाही छलच. त्यांचा मुद्दा असा की ज्या मुलीला स्वतः नकार देता येत नाही, तिच्या रक्षणासाठी समाजाचं मन वळेपर्यंत थांबणं म्हणजे तिचा बळी देणं. अशा रीतीने मांडलं की दोन्ही बाजूंचं वजन कळतं. आमचा कौल आगरकरांकडे आहे, तो आम्ही लपवत नाही. पण टिळकांचा प्रश्न, म्हणजे लोकांच्या संमतीविना आलेली सुधारणा कितपत टिकते, तो आजही उभा आहे.

मात्र आणखी एक गोष्ट. ज्या मुलींविषयी हा वाद होता, त्या सभेत कुठे होत्या? रखमाबाईंनी १८८५ मध्ये वृत्तपत्रात पत्रं लिहिली ती स्वतःचं नाव न घालता. त्याच वर्षी रानड्यांनी ग्रंथकार सभेचं निमंत्रण पाठवलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी नकार कळवला. मनुष्यमात्राचे हक्क जे खुल्या दिलाने मान्य करत नाहीत, त्यांच्या सभेत आमचं काय काम, असा त्या नकाराचा आशय. संवादाचा पुरस्कार करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे पत्र अडचणीचं वाटतं, आणि वाटलंच पाहिजे. ‘या, बसा, बोलू’ असं म्हणणारा बहुधा घरमालक असतो. पाहुण्याला बसायला काय मिळणार, सतरंजी की पायरी, हे ठरल्याशिवाय तो येत नसेल, तर त्याला असहिष्णू म्हणू नये.

आता आमच्या घरची गोष्ट. आमचे एक शेजारी होते, चाळीस वर्षांचे स्नेही. राजकारणात ते एका टोकाला, आम्ही दुसऱ्या. एका निवडणुकीच्या सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांनी लिहिलं की कर्जमाफीने शेतीचे प्रश्न सुटत नाहीत. आम्ही लगेच उत्तर दिलं, ‘म्हणजे शेतकऱ्यांनी मरावं असं तुमचं म्हणणं!’ आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने, बरं का, भर गटात छल केला. वीसेक लोकांनी अंगठे दाखवले. शेजाऱ्यांनी उत्तर दिलं नाही. पुढे दोन वर्षं जिन्यात फक्त मान हलवणं. ते आजारी पडले तेव्हा आम्ही भेटायला गेलो, आणि साखर, गुडघे, नातवंडं यांवर बोलून परत आलो. शोकसभेत आम्ही उभे राहिलो आणि म्हणालो, ‘मतभेद होते, पण मनभेद नव्हते.’ ते खोटं होतं. त्यांचा शेतीविषयीचा मुद्दा नेमका काय होता, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. विचारलंच नव्हतं.

म्हणून मृत्युलेखाला आम्ही संवाद म्हणत नाही. तो कितीही उत्कट असो, समोरचा उत्तर देऊ शकत नाही तेव्हा लिहिलेला असतो.

मग करायचं काय? मनं जुळवा, असा उपदेश आम्ही करणार नाही. मनभेद असूनही वाद होऊ शकतो. तीन साध्या गोष्टी सांगतो. एक, समोरच्याचं म्हणणं असं मांडा की तो म्हणेल, ‘हो, हेच माझं म्हणणं.’ तोवर उत्तर द्यायचं नाही. दोन, आपण कशाने हरू, हे आधी सांगा. न्यायसूत्रांत पराभवाची बावीस निग्रहस्थानं मोजून दिली आहेत; ज्याच्या मताला हरण्याची एकही जागा नाही, त्याने वादाला बसूच नये. तीन, सभेत कोण नाही ते बघा, आणि तो का आला नाही हे त्याला त्याच्या दारात जाऊन विचारा.

या आठवड्यात एकाच माणसावर प्रयोग करा. ज्याचे संदेश तुम्ही न वाचता पुढे सरकवता, त्याला फोन लावा. पटवायला नको, फक्त विचारायला. आमचा तो फोन राहून गेला. तुमचा अजून लागू शकतो.