जात्यावरील ओवीतील ‘मी’ आणि ध्वनिमुद्रण

ध्वनिमुद्रणाने लोकगीताचे जतन होते, एवढेच आपण सामान्यतः मानतो. परंतु जतनाच्या साधनाबरोबर गीताचे स्वरूप पालटते आणि गाणारीची ओळखही नव्याने घडते, हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’ या संग्रहाने ओवीला वाचक मिळवून दिला. गाणारी मात्र अनामिकच राहिली. पुढे गी पॉइत्वाँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या व त्यांतील काही ध्वनिफितींवर मुद्रित झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. तेथे गाणारीचे नाव, गाव, जात, वय व व्यवसाय यांची नोंद आढळते. मुद्रणाने जे नाव गाळले, ते नव्या साधनाने परत दिले, हा लाभ सामान्य नव्हे.

तथापि ओवीतील ‘मी’ हा चरित्रातील ‘मी’ नव्हे. लेकाचे वा भावाचे नाव पालटून तीच ओवी घरोघरी म्हटली जाते. तिचे दुःख एकीचे असते आणि सर्वांचेही असते. ती एका नावाखाली स्थिर झाली, की संकेताला आत्मकथन समजण्याचा मोह अभ्यासकास होतो.

याची दुसरी बाजूही आहे. माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये मुद्रित झालेल्या बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या ओव्या घ्या. तेथे गाणारीची सामाजिक ओळख हाच ओवीचा आशय होय. ती नोंद पुसली, तर अर्थच पुसला जाईल. सारांश, नोंद आवश्यक आहे. तिचे वाचन मात्र प्रत्येक ओवीच्या प्रकृतीनुसार झाले पाहिजे.

खरा प्रश्न श्रोत्रीचा आहे. वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव आज फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा गावातील तरुणीच्या हाताला जात्याचा खुंटा ठाऊक असण्याचे कारण उरलेले नाही. पिठाच्या गिरणीने तिचे कष्ट वाचविले, हे इष्टच झाले. परंतु पूर्वी ओवी ऐकणारी स्त्री दुसऱ्या क्षणी स्वतः गाणारी होत असे. भ्रमणध्वनीवर ओवी ऐकणारी बहुधा श्रोत्रीच राहते. ऐकलेल्या ओवीत आपल्या भावाचे नाव घालण्याचा अधिकार तिला आपला वाटतो काय, हीच या नव्या साधनाची कसोटी होय. तसे न वाटल्यास ओवी शब्दशः टिकेल, पण परंपरा म्हणून थांबेल.