प्रेमकथेतली फेलोशिप

ऐतिहासिक रोमान्सवर टीका करायची म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘त्या काळात असं घडणं शक्यच नव्हतं.’ तुमच्या टिपणात हे वाक्य असेल तर आधी खोडा. नेमकं काय शक्य नव्हतं आणि कशामुळे, हे त्यातून कळतच नाही.

ऑलिव्हिया वेट यांची ‘द लेडीज गाइड टू सेलेस्टियल मेकॅनिक्स’ (२०१९) घेऊ. काळ १८१६, देश इंग्लंड. ल्यूसी वर्षानुवर्षं खगोलशास्त्रज्ञ वडिलांची आकडेमोड करत आलेली. वडील जातात, भाऊ दुर्बीण विकायची भाषा करू लागतो. एका फ्रेंच खगोलग्रंथाच्या भाषांतराचं काम मिळेल या आशेने ती लंडनला कॅथरीन या विधवा काउंटेसकडे जाते. पुढे दोघी प्रेमात पडतात.

हे वाचताना मेरी सॉमरव्हिल (१७८०–१८७२) आठवतातच. लहानपणी रात्री युक्लिड वाचू नये म्हणून घरच्यांनी त्यांची मेणबत्ती काढून घेतली. मग त्या अंधारात, मनातल्या मनात प्रमेयं सोडवत. पहिल्या नवऱ्याला बायकांच्या बुद्धीबद्दल फारसा आदर नव्हता. तो १८०७ मध्ये वारला, तेव्हा कुठे हाती पैसा आणि मोकळीक आली. त्यांनी गणिताची पुस्तकं घेतली. पुढे लाप्लासचं खगोलगणित इंग्रजीत आणलं, तेही नुसतं शब्दाला शब्द नाही, तर गाळलेल्या पायऱ्या समजावून सांगत. ते पुस्तक १८३१ मध्ये आलं आणि केंब्रिजमध्ये शिकवलं गेलं.

आता गंमत बघा. मेरी यांच्याकडे गणित होतं आणि वैधव्याने दिलेलं स्वातंत्र्यही. वेट यांनी याची वाटणी केली: गणित ल्यूसीला, वैधव्य आणि पैसा कॅथरीनला. म्हणजे ही प्रेमकथा मुळात फंडिंगची कथा आहे. (आपल्याकडे फेलोशिप दर महिन्याला वेळेवर आली तर आपणही प्रेमात पडू, ते असो.) कॅथरीनचं लग्नाचं आयुष्य नवऱ्याच्या मोहिमांत गेलेलं. आता पुन्हा दुसऱ्या कुणाच्या प्रतिभेची उस्तवार करायची का, ही तिची भीती मला कादंबरीतली सगळ्यात खरी गोष्ट वाटते.

कादंबरी घसरते ती खलनायकापाशी. विज्ञानसभेतले पुरुष ल्यूसीला उघड हिणवतात, म्हणून ते हरले की आपल्याला बरं वाटतं. मेरी यांच्या बाबतीत तसं झालं नाही. रॉयल सोसायटीने सन्मानाने त्यांचा अर्धपुतळा दालनात बसवला, पण सभासद केलं नाही; तिथे पहिल्या स्त्रिया निवडल्या गेल्या १९४५ मध्ये. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८३५ मध्ये त्यांना आणि कॅरोलिन हर्शेल यांना मानद सभासदत्व दिलं. बायकांना रीतसर फेलो व्हायला १९१६ उजाडलं. अपमानाला उत्तर देता येतं. स्वतःच्याच पुतळ्याला काय उत्तर देणार? हा सभ्य नकार रोमान्सच्या साच्यात बसवणं अवघड आहे, आणि वेट यांनी तो प्रयत्नच केलेला नाही.

यावर काम करायचं असेल तर सोबत कोर्टनी मिलन यांची ‘टॉक स्वीटली टू मी’ (२०१४) वाचा. तिची कृष्णवर्णीय नायिका रोझ ग्रिनिचमध्ये, १८८२ च्या शुक्र-अधिक्रमणाच्या वेळी, आकडेमोड करते. दोन्हींत कागद, दुर्बीण आणि मोकळा वेळ यांचा खर्च कोण उचलतं, ते प्रकरणागणिक टिपत जा. चुंबनं नंतर मोजा.