पाटीवरील अक्षर आणि पाटीवरील कायदा

दुकानावरील पाटी वाङ्मयाच्या कक्षेत येत नाही, अशी आपल्या समीक्षकांची समजूत दिसते. वस्तुतः शाळा सुटल्यानंतर ज्याने पुस्तक हाती धरले नाही असा मनुष्यही दररोज शे-पन्नास पाट्या वाचीत असतो. गावाच्या भाषेची अभिरुची घडविण्याचे किंवा बिघडविण्याचे सामर्थ्य म्हणूनच या लेखनप्रकारात मोठे आहे. आणि ज्याच्याविषयी शासनाने कायदे करावेत, न्यायालयांनी निवाडे द्यावेत, त्याची रसिकांनी मात्र दखल घेऊ नये, हे विचित्र होय.

पाट्यांविषयीचे नियम दोन जातींचे आहेत. एक भाषेचा, दुसरा जागेचा. महाराष्ट्राने २०२२ साली दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती केली. तदनुसार प्रत्येक पाटीवर देवनागरीतील मराठी मजकूर आरंभी हवा आणि त्याची अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असता कामा नयेत. मद्य विकणाऱ्या आस्थापनांनी थोर पुरुषांची वा गडकिल्ल्यांची नावे धारण करू नयेत, असेही त्यात सांगितले आहे. व्यापाऱ्यांनी याला विरोध केला. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो फेटाळला आणि २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. या कायद्यावाचून मुंबईतील अनेक बड्या दुकानांवर मराठीचे दर्शन घडले नसते, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि कायदा मोजू शकतो, पाहू शकत नाही. रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांना वरखाली काही जोड नसते. मिळालेली सारी उंची ती स्वतःसाठीच वापरतात. देवनागरीचे तसे नव्हे. ‘श्री गुरुकृपा’ एवढेच लिहावयाचे म्हटले, तरी शिरोरेषेच्या वर वेलांटीला आणि अक्षराच्या पायाशी उकार-ऋकाराला जागा द्यावी लागते. टोकापासून टोकापर्यंत मोजमाप अगदी बरोबर भरले, तरी अक्षराचा मूळ देह शेजारच्या रोमन अक्षरापेक्षा खुजाच राहतो. उंची शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजावी, एवढी साधी अट घातली असती तर नियमाचा हेतू खरोखर साधला असता. ही सूचना करावयास कायदेपंडित नको होता. पाट्या रंगविणारा एखादा जुना पेंटर पुरेसा होता.

भाषेविषयीही तेच. ‘रॉयल फूटवेअर’ ही अक्षरे देवनागरीत लिहिली की पाटी मराठी झाली, असे आता सर्रास मानले जाते. पूर्वीच्या ‘किराणा-भुसार मालाचे व्यापारी’ या ओळीत धंद्याचा सारा पसारा सामावलेला असे. ग्राहकाला आत काय मिळेल ते उंबऱ्यावरच कळे. आज लिपी आपली आणि शब्द परका, अशी अवस्था आहे. हा दोष कायद्याच्या पळवाटेचा खरा, परंतु त्याहून अधिक तो आपल्या आळसाचा आहे.

सीमाभागात प्रश्न अधिक नाजूक होतो. कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार पाटीचा साठ टक्के भाग कन्नडास आणि तोही वरच्या बाजूस द्यावयाचा आहे. उरलेल्या चाळीस टक्क्यांत बेळगावच्या दुकानदाराने मराठी व इंग्रजी दोन्ही बसवावयाची. राज्याच्या भाषेचा मान कोणी नाकारू नये. महाराष्ट्र जे मराठीसाठी मागतो ते कर्नाटकाने कन्नडासाठी मागितले तर नवल नाही. परंतु जिथे जागा थोडी, तिथे अक्षर अधिक रेखीव हवे. प्रत्यक्षात संगणकावर तेच अक्षर आडवे ताणून जागा भरली जाते. त्यामुळे उभा दंड सुजतो, शिरोरेषा तेवढीच बारीक राहते आणि जोडाक्षर ओळखू येईनासे होते. अल्पसंख्य भाषेवर अन्याय नियमाने होतो, तसाच तो अशा बेफिकिरीनेही होतो. पातूर नगरपरिषदेच्या उर्दू फलकासंबंधी २०२५ च्या एप्रिलमध्ये निवाडा देताना सर्वोच्च न्यायालयाने भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि तिचे पहिले काम संवादाचे आहे, असा आशय मांडला. जी पाटी वाचताच येत नाही तिने हे पहिले काम कसे पार पाडावे?

जागेच्या नियमाचे एक चांगले उदाहरण मुंबईच्या दादाभाई नौरोजी मार्गावर आहे. या रस्त्यावरील इमारतींनी तळमजल्याशी पादचाऱ्यांसाठी सलग कमानींची वाट ठेवावी, असा नियम १८९६ साली झाला. त्यामुळे तेथील इमारतींच्या शैली निरनिराळ्या असूनही रस्ता एकजीव दिसतो. पुढे पाट्यांनी त्या कमानी आणि त्यांवरील कोरीव काम झाकून टाकले. १९९५ च्या वारसा-नियमावलीनंतर वास्तुतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांनी या मार्गासाठी पाट्यांची तत्त्वे आखली; पाटी कमानीच्या पोकळीत बसावी, दगडी कामावर चढू नये, हे त्यांतील सार. दुकानदारांनी सहकार्य केले आणि इमारतींचे मुख पुन्हा दिसू लागले. या नियमाने प्रथम इमारत पाहिली आणि नंतर मोजपट्टी उचलली. त्याच्या यशाचे कारण तेच.

हे वाचून आपण आपल्या देवळांच्या महाद्वाराकडे पाहावे. गोमंतकात देवनागरी ही कोंकणी आणि मराठी या दोन्ही भाषांची लिपी आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्यानेही दोहोंना स्थान दिले आहे. तेव्हा अक्षराची आस्था हा येथे दोन भाषांमधील तंट्याचा विषय होण्याचे कारण नाही. असे असून जत्रेच्या दिवसांत दीपस्तंभापुढे देणगीदारांच्या छायाचित्रांचे फ्लेक्स उभे राहतात. त्यांवर आराध्यदैवताचे चित्र एका कोपऱ्यात असते आणि उत्सव संपताच तेच चित्र गटाराकाठी पडलेले आढळते. याला कोणत्या नगरपालिकेचा नियम आडवा येणार? आणि येईपर्यंत भाविकांनी वाट तरी का पाहावी?

देवस्थान समित्यांना स्वतःचा नियम करता येईल. दीपस्तंभ व महाद्वार यांच्या दर्शनरेषेत फलक नसावा. देवाचे चित्र टाकाऊ कापडावर छापू नये. देणगीदारांची नावे एकाच लाकडी वा दगडी फलकावर, एकाच आकाराच्या अक्षरांत असावीत. आणि तो फलक गावातील हाताने अक्षर काढणाऱ्या कारागिराकडून लिहवून घ्यावा. दोरीने आखून, खडूने रेखून, मग कुंचल्याने रंग भरणारी ही माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांना काम मिळाले नाही तर ती विद्या त्यांच्याबरोबरच जाईल. जे क्षर होत नाही ते अक्षर, असे आपण मानतो. त्या शब्दाची एवढी तरी लाज देवाच्या दारी राखली जावी.