कात्री कुणाच्या हातात होती?

दलित आत्मकथनाला 'गोधडी' म्हणण्याची एक रीतच आपल्याकडे पडली आहे. मागे एका चर्चासत्रात एका प्राध्यापकांनी कौतुकाने सांगितले की, या लेखकांनी अनुभवांच्या चिंध्या हाती आल्या तशा जोडल्या, पण त्या अस्सल आहेत. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आपलीही माणसे होती. गोधडीत चिंध्या 'हाती आल्या तशा' जोडतात, असे ज्याने गोधडी कधी शिवली नाही तोच म्हणू शकतो.

अमेरिकेतील काळ्या स्त्रियांच्या गोधड्यांबाबत समीक्षकांनी हाच घोळ घातला आहे, म्हणून त्यांच्याविषयी लिहितो. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड ही वस्ती आहे. गावाला नाव पहिल्या मळेवाल्याचे. असंख्य घरांचे आडनाव पेटवे, तेही १८४५ साली मळा घेणाऱ्या मालकाचे. गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली. पण कायद्याने मुक्त झालेल्या या वस्तीत १९३२ साली एका मृत व्यापाऱ्याच्या विधवेने कर्जापोटी घराघरांतून जनावरे, अवजारे, धान्य उचलून नेले. १९६२ साली, मतदार-नोंदणीचे वारे वाहू लागताच, पलीकडच्या कॅम्डेनला जाणारी नावच बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली २००६ मध्ये.

या वस्तीतल्या स्त्रिया विटलेल्या विजारी, सदरे, पिठाची पोती कापून गोधड्या करीत. आमच्या वाकळेत जुन्या लुगड्यांचे थर घालून धावदोरा भरतात. तिथे वरचा पदर आधी स्वतंत्र जुळवतात, मग आत कापूस आणि खाली अस्तर. त्यांचा एक साधा प्रकार म्हणजे नुसत्या लांब पट्ट्या शेजारी शेजारी. त्याचे नाव 'लेझी गॅल', आळशी पोरगी! (दिवसभर शेतात राबून रात्री शिवणाऱ्या बाईने स्वतःची केलेली ही थट्टा मला फार आवडते.) पण निळ्या विजारीचा खिसा उसवला की त्याखालचे कापड गडद निघते, गुडघ्यावरचे फिके. तो गडद चौकोन मध्ये ठेवायचा की कडेला, लाल पट्टी अखंड जाऊ द्यायची की कापून उलटी लावायची, हे प्रश्न गरिबी सोडवत नाही. ते बाईच सोडवते. १९४२ साली मिसूरी पेटवे यांनी मृत नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली, त्याची आठवण पांघरता यावी म्हणून. त्यात दुःख आहेच. पण कोणता तुकडा कोणत्या तुकड्याला भिडवायचा, हे दुःखाने ठरवलेले नाही.

१९६६ साली 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था तिथल्या परिसरात उभी राहिली. १९७२ पासून सिअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयचे अभ्रे शिवताना उरलेल्या पट्ट्याही बायांनी गोधड्यांत आणल्या. २००२ मध्ये या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या आणि समीक्षकांना मातिस, क्ली आठवले. काहींना केवळ काळ्यांची वेदना दिसली. मला दोन्ही स्तुती सारख्याच अपमानास्पद वाटतात. एक म्हणते, तुम्ही नकळत पॅरिसच्या चित्रकारासारखे केले. दुसरी म्हणते, तुम्ही सोसले, बाकी आपोआप झाले. दोन्हीत विचार करणारी बाई नाही. तिकडे पैशाचा आणि हक्काचा प्रश्न वेगळाच उभा राहिला. २००७ साली काही गोधडीकार स्त्रिया त्यासाठी न्यायालयात गेल्या, पुढच्या वर्षी ते खटले मिटले. २००६ मध्ये त्याच गोधड्या अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर झळकल्या होत्या.

आता आपल्या समीक्षेकडे पाहा. 'अनुभव दाहक आहे' एवढे लिहून आपणही लेखणी खाली ठेवतो. 'बलुतं' (१९७८) मध्ये दया पवारांनी स्वतःचेच दोन तुकडे केले. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. गावकुसाबाहेरचा दगडू आणि शहरातला लेखक एकमेकांसमोर बसवले की कावाखान्याच्या आठवणीवर कोणाची सावली पडते? कोठे दगडू थांबतो, कोठे ऐकणाऱ्याला लाज वाटते? वर्गात 'बलुतं' शिकवताना मी आता हे प्रश्न आधी विचारतो. मुले पुस्तक पुन्हा उघडतात आणि शिवण शोधू लागतात.